भोरमाळावरच्या गाठी

भोरमाळ हे नाव नकाशात शोधू नका. मी ते बदललं आहे. खरं नाव छापलं तर पुढच्या रविवारी आणखी गाड्या जातील, एवढं मला कळतं.

सुरतेच्या पूर्वेला, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून डोंगरांची एक रांग आहे. तिच्या माथ्यावर गवताचा मोठा माळ आहे आणि त्या माळावर रस्ता जात नाही. अगदी परवापर्यंत तिथे चाक गेलेलं नव्हतं, बैलगाडीचंसुद्धा नाही. आता सुट्टीच्या दिवशी सुरतेहून उंच टायरांच्या गाड्या तिथे चढतात. या खेळाला ऑफरोडिंग म्हणतात. रस्ता नाही म्हणूनच त्यांना ती जागा हवी असते. ज्या पाड्याला रस्ता नसल्याने माणसं झोळीत घालून दवाखान्यात न्यावी लागतात, त्या पाड्याचं हे रस्ता नसणं आमच्या शहरातल्या पैसेवाल्यांची करमणूक झाली आहे. मी मे महिन्यात तिथे जाऊन आले. ज्यांच्या दारात तसली गाडी उभी आहे ते हे वाचणार नाहीत. ज्यांच्या मागांवर त्या गाड्या विणल्या जातात त्यांच्यासाठी मी लिहिते आहे.

कडोदरा

माझं अक्षरज्ञान पत्रकांवर झालं. बाबा सुरतेतल्या गोडादऱ्यात माग चालवायचे आणि पाळी सुटली की गुलाबी कागदाची पत्रकं वाटायचे. उरलेल्या गठ्ठ्यांवर मी झोपले आहे, जेवले आहे, ‘कामगार बंधूंनो’ या शब्दापासून वाचायला शिकले आहे. त्यामुळे काही अन्याय दिसला की माझा हात आधी छापखान्याकडे वळतो. या वेळीही वळला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती, वर मोठ्या टाइपात ‘भोरमाळ खेळाचं मैदान नाही’. गठ्ठा पिशवीत घालून मी कडोदऱ्याहून बस धरली. शेजारच्या सीटवरच्या काकांनी एक पत्रक मागून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “सेल किस चीज का है?”

मला बोलावलं होतं जमनीने. जमनी दर हिवाळ्यात नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कामरेजकडे उतरते. तिथल्या पडावावर मी मजुरीच्या दराची पत्रकं वाटायला गेले होते, तेव्हा आमची ओळख झाली. तिला वाचता येत नाही, पण तिने पत्रक नीट घडी करून ठेवलं आणि मला म्हणाली होती, “तू बोल, मी ऐकते. कागद राहू दे चुलीला.” तोड संपवून ती घरी गेली आणि महिन्याभरात तिचा फोन आला. “ताई, गाडीवाले आमच्या झिऱ्यात नाचून राहिले. पुढल्या रविवारी परत येणार. तू कागद वाटतेस ना? मग इकडे येऊन वाट.”

बस जिथे संपते तिथे दिनेशची चहाची टपरी आहे. टपरीवर सुरतेच्या गाडीवाल्यांच्या मंडळांचे स्टिकर इतके दाट चिकटवलेले की मूळ पत्रा दिसत नव्हता. माझ्या बुटांकडे बघून त्याने विचारलं, “रॅली माटे आव्यां?”

“रॅली थांबवायला आले,” मी मराठीत म्हणाले.

“तो चा पीओ,” तो हसला. “थांबवणारे पण चहा पितातच.”

दिनेश वाटाड्या म्हणून पहिल्या गाडीत बसतो. लहानपणी त्याने याच डोंगरावर आजोळी गुरं राखली आहेत. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त राग कोणाचा आला असेल तर त्याचा.

पाडा

जमनी घ्यायला आली होती. पाड्यापर्यंतची चढण ती माझी पिशवी डोक्यावर घेऊन चढली आणि मी रिकाम्या हातांनी धापा टाकत. मध्येच मी टेकले ते नेमकी करवंदीच्या जाळीत. काटे काढता काढता तिने ओंजळभर करवंदं तोडून माझ्या हातात ठेवली. “आता बसलीच आहेस तर खा.”

पाड्यावरची बोली आमच्या घरच्या अहिराणीची मावसबहीण आहे. दारात बसलेल्या जमनीच्या सासूने, रेवाबाईने, “कथाइन उनी वं माय?”, म्हणजे कुठून आलीस, असं विचारलं तेव्हा मला एकदम गोडादऱ्याच्या गल्लीत असल्यासारखं वाटलं. पुढचं तिचं बोलणं मी इथे बरंचसं सरळ करून लिहिते. रेवाबाई म्हणजे काटक, दात मजबूत, डोळ्यांत सदा थट्टा. मी सुरतेहून आले हे कळल्यावर म्हणाली, “म्हणजे तू गाडीवाल्यांच्या गावची.”

“गाव एक आहे, आजी. गल्ली वेगळी.”

“हां. भांडायला गावचंच माणूस बरं.”

रात्री नागलीची भाकरी, उडदाचं भुजं आणि कैरीचा ठेचा. सुरतेत आम्हाला भाजीवर शेव भुरभुरल्याशिवाय घास उतरत नाही, सगळ्यात साखर. इथे गोड म्हणून मोहाची वाळलेली फुलं मिळाली, भाजून, मुठीत. माझी पत्रकं जमनीने हातोहात वाटली. सकाळी पाहिलं तर एका घरी त्यांवर मोह वाळत घातला होता, दुसऱ्या घरी विडी वळली जात होती. “कागद चांगला आहे,” एकाने मन लावून सांगितलं.

झिरा

शनिवारी जमनी मला माळावर घेऊन गेली. उन्हाळ्यात तो माळ सोन्यासारखा वगैरे दिसतो असं मी लिहिणार नाही. तो वाळलेल्या गवताचा, खडकांचा, वाऱ्याने सतत बोलणारा माळ आहे आणि मला तो तसाच आवडला. त्याच्या मधोमध एका खोलगट जागेत बारा महिने ओल असते. तिथे तीन खड्डे आहेत, एकाखाली एक. वरच्यातलं पाणी पिण्याचं, मधल्यातलं धुण्याचं, शेवटचं गुरांचं. मे महिन्यात पाड्याला दुसरं पाणी नाही.

मला हे ठाऊक नव्हतं. मी पोचल्या पोचल्या बूट काढले आणि वरच्या खड्ड्यात पाय सोडले. जमनी किंचाळली. हंडे घेऊन आलेल्या दोन बायका हंडे टाकून धावत आल्या. जमनीने मला दंडाला धरून बाहेर ओढलं. मग तिघींनी मिळून तो खड्डा वाटीवाटीने उपसला आणि नव्याने पाणी पाझरायची वाट बघत बसल्या. अर्धी सकाळ गेली. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मी तिथे बसून शिकले.

“नुसते पाय होते,” शेवटी जमनी म्हणाली. “गाड्या आल्या तेव्हा चार दिवस काळं पाणी. गाळून प्यायलो. पोरांना जुलाब.”

या मोसमात एकदा झिऱ्याचे खड्डे चाकांखाली फुटले होते. बायकांनी ते पुन्हा बांधले होते. आता रविवारी फुटले तर पाऊस लागेपर्यंत पाड्याला पाणी उरणार नव्हतं. जमनीची धाकटी अजून अंगावर पिते. “मग मी हिला घेऊन परत सुरत,” ती म्हणाली. “पुलाखाली राहीन. तिथे नळ तरी असतो.”

उतरताना मला चिंध्या दिसल्या.

पाड्यापासून माळापर्यंतच्या वाटेवर झाडांना चिंध्या बांधण्याची तिथे चाल आहे. मूल होत नाही, दुखणं उतरत नाही, माणूस परत येत नाही, तर डोंगरदेवाला बोलायचं आणि झाडाला गाठ मारायची. काम झालं की ज्याने बांधली त्यानेच येऊन सोडायची. दुसऱ्याने सोडली तर बांधणाऱ्याचं दुःख सोडणाऱ्याच्या घरी जातं. त्यामुळे जुन्या चिंध्या झाडावरच विरतात, कोणी हात लावत नाही. जमनी हे सांगत होती आणि मी झाडांकडे बघत होते. विरलेल्या सुती चिंध्यांच्या मध्ये भडक केशरी, चकचकीत पट्ट्या होत्या. वळणावर दोन, चढावर एक, ओढ्यापाशी परत दोन.

माझी माय घरी बसून साड्यांच्या कडा कापते. आमच्या खोलीत या कातरणीचे ढीग असतात. ती कोणत्या कापडाची, कुठल्या मार्केटची, मी डोळे मिटून सांगू शकते. ही सुरतेच्या पॉलिएस्टर साड्यांची होती.

“जमनी, ह्या गाडीवाल्यांच्या खुणा आहेत. मागच्या गाड्यांना रस्ता कळावा म्हणून. दोन पट्ट्या म्हणजे वळ.”

ती थांबली. कधी नव्हे ती तिच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला. “आम्हाला वाटलं नवस,” ती म्हणाली. “एवढ्या चिंध्या! आम्ही म्हटलं, शहरात फार दुखणी झालेली दिसतात. वाईट वाटलं आम्हाला.”

मी तिथल्या तिथे एक पट्टी सोडायला हात उचलला. जमनीने तो धरला.

पहिलं झाड

संध्याकाळभर आम्ही भांडलो. माझं म्हणणं सोपं होतं: रातोरात पट्ट्या सोडू, दिनेश एकाच गाडीत असतो, मागच्या गाड्या रानात चुकतील, झिरा वाचेल. आमच्या घरात दोरा, गंडा, नवस काही चालत नाही. ज्या भीतीने माणूस हात आखडतो ती भीती दुसऱ्याच्या फायद्याची असते, हे मला बाबांनी शिकवलं आहे, आणि मी ते आजही मानते. मी तसं स्पष्ट सांगितलं.

रेवाबाई ऐकून घेत होती. “बांधणाऱ्याने बांधताना मनात काय धरलं, ते तुला ठाऊक?”

“गाडी कुठे वळवायची ते धरलं!”

“त्यातल्या एखाद्याच्या घरी पोर आजारी असेल. हात झाडाला लागला, मनात आलं, बांधलं. असं होत नाही?”

“नाही होत.”

“तू पाहिलंस?”

मग तिने पाड्याची रीत सांगितली. गाठीवरून तंटा झाला तर बांधणाऱ्यालाच झाडापाशी बोलवायचं आणि चारचौघांत त्याच्याच हाताने सोडवायची. “उद्या येणारच आहेत ना? त्यांनाच सांगू. सोडतील आणि जातील.” सगळ्यांना हे पटलं. माझ्याकडून तिने शब्द घेतला, की मी आधी काही सोडणार नाही. मी दिला. पाहुणी होते.

रविवारी ऊन तापायच्या आत इंजिनांचा आवाज ओढ्यातून वर आला. वाटेच्या पहिल्या झाडाखाली बायका बसल्या होत्या, पुरुष मागे उभे. पहिली गाडी थांबली, तिच्यामागे सगळी रांग. खिसेच खिसे असलेलं जाकीट घातलेला, पन्नाशीचा, सभ्य दिसणारा माणूस उतरला. मागचे त्याला कीर्तीभाई म्हणत होते. ऊसतोडीत शिकलेल्या गुजरातीत जमनी मधे बोलायला उभी राहिली.

“ही चिंधी कोणी बांधली?” रेवाबाईने विचारलं.

“अमारी टीमे बांधी छे, बा.”

“मग आपल्या हाताने सोड आणि मागे फिर. वर आमचं पाणी आहे.”

गाड्यांतून हसण्याचा आवाज आला. कोणीतरी फोन वर धरला. मी पुढे होऊन कीर्तीभाईच्या हातात पत्रक दिलं. त्याने ते खरंच वाचलं, शेवटपर्यंत, आणि घडी करून खिशात ठेवलं. “सरस लख्युं छे, बेन. भणेलां लागो छो. पण अमे तो कुदरतना प्रेमी छीए. एक कागळ पण नाखता नथी.” म्हणजे निसर्गावर प्रेम, कागदाचा कपटासुद्धा टाकत नाहीत.

“तुम्ही ज्यात गाड्या घालता ते पाणी ही माणसं पितात.”

“एम? तो लो ने,” तो मागे वळून ओरडला, “बे बॉक्स पाणी उतारो अहीं!”

बाटल्यांची दोन खोकी खरोखर खाली आली. त्याला आपण उदार आहोत असं वाटत होतं.

जमनीने खोक्याकडे पाहिलंही नाही. “गेल्या पावसाळ्यात माझ्या जावेला झोळीत घालून उतरवली. वाटेत गेली. तेव्हा कुठे होती तुझी गाडी?”

“रोड नथी ने, बेन. रोड होत तो आवत.”

“मग आज कशावर उभा आहेस?”

कोणी हसलं नाही. कीर्तीभाई खाली बघायला लागला. मला वाटलं, झालं. एका वाक्यात जिंकली ही. मी आयुष्यात एवढं चांगलं पत्रक लिहिलेलं नाही.

तेवढ्यात पहिल्या गाडीच्या खिडकीतून दिनेशने त्याला जवळ बोलावलं आणि कानात काही सांगितलं. थोडंसंच. कीर्तीभाई परत आला तो वेगळाच माणूस होऊन. त्याने टोपी काढली. बूट काढले. झाडासमोर हात जोडून उभा राहिला. “बा, साचुं कहुं? मानता छे. मारा दीकरानी. आ बधी गाठ एनी छे. उपर जईने दर्शन करुं, पछी मारा हाथे छोडीश.”

“पोराचा नवस आहे, वर दर्शन करून आपल्या हाताने सोडेन म्हणतो,” हे सांगताना जमनीचा आवाज पडला होता. रेवाबाई त्याच्यासमोर गेली. “नवस तोंडाने बोललास?”

“बोल्यो, बा.”

ती बाजूला झाली. मग एकेक बाई उठली.

“खोटं बोलतोय!” मी ओरडले. “आजी, त्या दिनेशने शिकवलंय त्याला, तुमच्या डोळ्यांदेखत!”

“शिकवलं असेल,” ती म्हणाली. “पण पोराचं नाव घेतलं त्याने. खरं असलं तर?”

गाड्या सुटल्या. मी शेवटच्या गाडीपर्यंत पत्रकं खिडक्यांतून फेकत राहिले. पहिल्या वळणावर कीर्तीभाई फुटबोर्डवर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होता आणि दिनेशच्या पाठीवर थाप मारून हसत होता. ते मी पाहिलं. रेवाबाईनेही पाहिलं.

नंतर

झिऱ्याचं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगायला मला संताप आवरत नाही. तीन खड्ड्यांचा एक झाला. पिण्याचं, धुण्याचं, गुरांचं, सगळं एक. वर तेलाचा रंगीत तवंग. गवतात चाकांचे चर इतके खोल की जमनीची मोठी मुलगी एका चरात उभी राहिली तर कमरेपर्यंत दिसेना. कागदाचा कपटा मात्र एकही नव्हता. माणूस शब्दाचा पक्का.

ते परत आलेच नाहीत. माळाच्या दुसऱ्या अंगाने, मोठ्या रस्त्याकडे उतरून गेले. गाठी होत्या तशाच राहिल्या. येत्या रविवारी दुसरं मंडळ येणार असल्याचं दिनेशने मोठ्या आनंदाने पाड्यात सांगितलेलं होतं.

सोमवारी सकाळी बायका खोकी फोडून बाटल्यांतलं पाणी पोरांना पाजत होत्या. त्यांना दुसरा उपाय नव्हता. मी ते बघितलं आणि उठले. “आता तरी मला सोडू द्या. बोललेला माणूस आला नाही. आणि मला काही होत नाही.”

रेवाबाई कमरेला पदर खोचत होती. “तुला काही होत नाही असं तूच म्हणतेस. मग तुझ्या सोडण्याने काय सुटणार? तुझं काही लागलेलंच नाही त्यात.”

“पट्टी सुटेल! गाड्या चुकतील!”

“पट्टी सुटेल. पण या पोरी रोज त्या झाडांखालून पाण्याला जातात. तो खोटं टाकून गेला की खरं, ते कोणाच्या घरी येईल या भीतीत जातील. कोणीतरी घ्यायला हवं ना ते.” मग ती जमनीकडे वळली. “लेकुरवाळीने हात लावायचा नाही. माझं आता काय राहिलंय? मी घेते.”

जमनी रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला त्या खिसेवाल्या जाकिटाच्या गळपट्टीला धरून याच झाडाखाली आणून उभं करावंसं वाटत होतं. एका माणसाने दोन मिनिटं हात जोडले, आणि ते फेडायला ही बाई आपलं उरलेलं आयुष्य पणाला लावून निघाली होती. तिचं म्हणणं मी मान्य केलेलं नाही. आजही नाही. पण त्या सकाळी तिच्याशी वाद घालायला माझ्याजवळ जे होतं ते सगळं फुकट मिळालेलं होतं.

आम्ही तिच्यामागे चालत गेलो. पॉलिएस्टरची गाठ सुतासारखी सैल होत नाही, आवळत जाते. नखांनी जमलं नाही तिथे तिने दात लावले. प्रत्येक गाठ सुटताना ती एकच म्हणायची, “हे माझ्यावर,” आणि पट्टी स्वतःच्या कमरेला खोचायची. दुपारपर्यंत तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. मधे कोणी पाणी दिलं तर चूळ भरून पुढे.

माळाच्या तोंडाशी शेवटची पट्टी होती, गाडीच्या टपावर उभं राहून बांधलेली. रेवाबाईचा हात पोचेना. तिने मागे पाहिलं, आणि पहिल्यांदा मला बोलावलं.

“खांदा दे. हात लावायचा नाही.”

मी झाडाला टेकून बसले. ती माझ्या खांद्यांवर चढली, अनवाणी, आणि मी हळूहळू उभी राहिले. तिचं वजन काहीच नसेल असं मला वाटलं होतं. ते बरंच होतं. वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. दात गाठीवर घासल्याचा आवाज येत होता.

“सुटली का?” मी विचारलं.

“हलू नको,” ती म्हणाली.